ग्रीनकार्ड आणि दिवसांचा हिशेब

१८०, ३६५ आणि ९१३. अमेरिकेचं ग्रीनकार्ड असलेल्या माणसाने देशाबाहेर पाऊल ठेवताना हे तीन आकडे पाठ करायला हवेत. पहिला ठरवतो, परतल्यावर विमानतळावर किती चौकशी होऊ शकते. दुसरा ठरवतो, नुसत्या कार्डावर परत येता येईल का. तिसरा ठरवतो, पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येईल का. तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की घोटाळा होतो, आणि त्याची झळ बहुतेक वेळा साठी-सत्तरीतल्या आई-वडिलांना बसते.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-ठाण्यातल्या अनेक घरांत हे कार्ड आई-वडिलांकडे आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठी गेली, तिकडची नागरिक झाली आणि मग आई-वडिलांसाठी अर्ज केला. २१ वर्षांवरील नागरिकाच्या पालकांना वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नोकरीच्या रांगेत मात्र एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच जागा येतात, त्यामुळे त्या मुलाने स्वतःच्या कार्डासाठी अनेक वर्षं काढलेली असतात आणि आई-वडिलांचं काम तुलनेने लवकर होतं. कार्ड येतं आणि घरात बेत ठरतो: सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

हा बेत पहिल्याच आकड्यावर अडखळतो. कॅलेंडर उघडून कुठलेही सलग सहा महिने मोजा, बेरीज १८१ ते १८४ भरते. १ जानेवारी ते ३० जून १८१ दिवस, १ जुलै ते ३१ डिसेंबर १८४ दिवस. कायद्यातली रेषा १८० दिवसांची आहे. त्या रेषेच्या आत परतलेला कार्डधारक सर्वसाधारणपणे आपल्या घरी परतलेला रहिवासी मानला जातो. सलग १८० पेक्षा जास्त दिवस बाहेर राहिलेल्याकडे मात्र नव्याने प्रवेश मागणारा म्हणून पाहता येतं, आणि प्रवेश नाकारण्याची जी कारणं कायद्यात आहेत ती सगळी त्याच्या बाबतीत तपासता येतात. म्हणजे १८१ व्या दिवशी कार्ड रद्द होतं असं नाही. पण चौकशीचं दार उघडतं. म्हणून परतीचं तिकीट १७० व्या दिवसाच्या आसपासचं काढावं असं मी आग्रहाने सांगेन. घरात कोणी आजारी पडलं, विमान रद्द झालं, तर हाताशी दहा दिवस असतात.

दुसरा आकडा अधिक कडक आहे. कार्डावर मुदत साधारणपणे दहा वर्षांची छापलेली असते आणि ती पाहून लोक निर्धास्त राहतात. पण परतीचा कागद म्हणून ते कार्ड एक वर्षापर्यंतच्या गैरहजेरीलाच चालतं. वर्ष उलटलं की कार्डावर २०३२ साल असलं तरी मुंबईच्या विमानतळावर विमान कंपनी बसू न देण्याची शक्यता असते. वर्षाहून अधिक काळ राहावं लागेल हे आधीच ठाऊक असेल तर उपाय म्हणजे री-एंट्री परमिट. ते आय-१३१ या फॉर्मवर मागायचं आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. कार्ड मिळाल्यापासूनच्या गेल्या पाच वर्षांतली चारहून अधिक वर्षं बाहेर गेली असतील तर सहसा एकच वर्षाचं. त्याची मुदत वाढवून मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: अर्ज दाखल होतो त्या दिवशी माणूस अमेरिकेत हजर हवा. पुण्यात पोचल्यावर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर हे परमिट आठवून उपयोग नाही. बोटांचे ठसेही सहसा तिथेच द्यावे लागतात. ते देऊन झाल्यावर मात्र निघता येतं.

परमिट नाही आणि वर्षही उलटलं, तर उरतो एसबी-१ हा परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्यासाठी वकिलातीत डीएस-११७ फॉर्म आणि १८० डॉलर फी. निघताना परतण्याचाच इरादा होता आणि मुक्काम लांबला तो आपल्या हाताबाहेरच्या कारणाने, हे कागदांनिशी दाखवावं लागतं. कोविडने या तरतुदीची आठवण अनेकांना करून दिली. २३ मार्च २०२० पासून भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद होती आणि ती पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात वंदे भारत मोहिमेची आणि ठरावीक देशांशी झालेल्या एअर बबल करारांची विमानं होती, पण आजारी वृद्धांना त्यांतून जाणं सोपं नव्हतं. एसबी-१ मान्य झाला तरी पुढे वैद्यकीय तपासणी आणि व्हिसाची फी वेगळीच.

आता या आकड्यांच्या मागची खरी गोष्ट. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिकडे जाऊन आलं की कार्ड टिकतं, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. कायदा अखेर एकच विचारतो: तुमचं घर कुठे आहे, आणि बाहेरचा मुक्काम तात्पुरता होता का? १९७५ च्या एका निकालात हे स्पष्ट झालं. वर्षातले अकरा महिने जमैकात स्वतःचं लॉजिंग चालवणारी आणि एखादा महिना अमेरिकेत जाऊन येणारी ती कार्डधारक होती. एकाही फेरीत वर्ष उलटलं नव्हतं. तरी रहिवासाचा दर्जा सोडून दिला असंच अपील मंडळाने ठरवलं. अधिकारी पाहतात ते तिकडचा पत्ता, बँकेचं खातं, वाहन परवाना, डॉक्टर आणि सर्वांत आधी कर. कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्यात भारतातलं पेन्शन आलं आणि मुदत ठेवीचं व्याजही. कर वाचवायला अनिवासी म्हणून विवरणपत्र भरलं, तर मी इथला रहिवासी नाही असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं.

तिसरा आकडा नागरिकत्वाचा. अर्जाआधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, अमेरिकेत प्रत्यक्ष हजेरी लागते. पाच वर्षांचे दिवस १८२६. म्हणजे बरोबर निम्मे. निघण्याचा आणि उतरण्याचा दिवस हजेरीतच धरतात. समजा एक जोडपं दरवर्षी एकदाच, १७५ दिवसांसाठी पुण्याला येतं. पाच वर्षांत ८७५ दिवस बाहेर, ९५१ आत. जमलं. दुसरं जोडपं दिवाळीच्या सुमारास चार महिने आणि आंब्याच्या दिवसांत चार महिने येतं. एकही फेरी १८० च्या वर नाही, पण वर्षाला साधारण २४५ दिवस बाहेर, पाच वर्षांत सव्वाबाराशे, आणि अमेरिकेत उरतात जेमतेम सहाशे. नागरिकत्व तर दूरच, त्यांच्या कार्डावरही प्रश्न येऊ शकतो.

शिवाय सलग रहिवासाची अट वेगळी. एकच फेरी सहा महिन्यांहून मोठी झाली तर सलगता तुटली असं गृहीत धरलं जातं आणि ती तुटली नाही हे आपणच सिद्ध करायचं. पूर्ण वर्ष झालं तर ती तुटतेच, री-एंट्री परमिट असलं तरी. परमिट कार्ड वाचवतं, नागरिकत्वाचं घड्याळ वाचवत नाही. मग परतल्यानंतर साधारण चार वर्षं आणि एक दिवस थांबावं लागतं, आणि सहा महिन्यांची शंकाही नको असेल तर साडेचार वर्षं. पुरेसा कामाचा इतिहास नसलेल्या ६५ वर्षांवरील कार्डधारकाला पैसे भरून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, घ्यायचं झालं तरी सलग पाच वर्षांचा रहिवास लागतो.

कॅनडात हे सगळं बरंच सोपं आहे. पाच वर्षांत ७३० दिवस देशात राहा, उरलेले १०९५ दिवस कुठेही काढा, सलग काढले तरी हरकत नाही. इरादा कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी साधारणपणे सलग दोन वर्षांहून अधिक गैरहजेरीनंतर जाते. मला कॅनडाची रीत अधिक न्याय्य वाटते, कारण म्हाताऱ्या माणसाला आपण नियमात आहोत की नाही हे बोटांवर मोजून कळतं. अमेरिकेत आकडा पाळूनही निश्चिंत होता येत नाही.

म्हणूनच एक कागद प्रत्येक घरात माहीत असावा: आय-४०७. कार्डाचा हक्क स्वेच्छेने सोडत असल्याचा तो फॉर्म. लांबच्या विमानप्रवासाने थकलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या आजींपुढे तो ठेवला गेला तर सही करण्याची सक्ती नाही. सही नाकारली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊ शकतं. तिथे दर्जा सोडला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते आणि पुराव्याची पातळीही उंच असते. आई-वडिलांना विमानात बसवण्याआधी मुलांनी हे त्यांना मराठीत, सावकाश, दोनदा समजावून सांगावं. बरोबर परतीच्या तिकिटाची प्रत, तिकडच्या विवरणपत्राची प्रत आणि मुक्काम लांबला असेल तर डॉक्टरांचं पत्र द्यावं.

आणि ज्यांचं मन, मित्र, औषधं आणि दिनक्रम सगळं इकडेच आहे, त्यांनी कार्ड ओढूनताणून टिकवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोच आय-४०७ शांतपणे, घरी बसून, स्वतःच्या इच्छेने भरता येतो. मग पर्यटक व्हिसासाठी अर्ज करता येतो. मिळेलच अशी हमी नाही, पण भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा मिळतो आणि एका भेटीत बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. जगभरच्या उत्पन्नावर कर नाही, १८० ची टांगती तलवार नाही. पुढे कधी कायमचं तिकडे जायची वेळ आली, तर नागरिक झालेल्या मुलाला आई-वडिलांसाठी आय-१३० अर्ज पुन्हा भरता येतो, आणि तेव्हाही वार्षिक संख्येची मर्यादा आड येत नाही.