हीटसिंक काढण्याची साधने

संगणकाच्या प्रोसेसरवर बसवलेला हीटसिंक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा पात्यांचा ठोकळा, इजा न होता सुटा करण्यासाठी काही साधी साधने वापरली जातात.

गरज

सोलापुरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. यंत्रमागांच्या परिसरात हवेतील सुती तंतू व धूळ पात्यांत अडकल्यास हवा खेळत नाही आणि प्रोसेसर तापतो. अशा वेळी हीटसिंक काढून साफ करावा लागतो. मात्र जुनी थर्मल पेस्ट वाळून तो घट्ट चिकटलेला असतो.

साधने

* फुली पेचकस: स्क्रूने बसवलेल्या हीटसिंकसाठी.
* चपटा पेचकस: इंटेलच्या दाबखुंट्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढण्यासाठी.
* दात साफ करण्याचा दोरा: चिकटलेला थर कापण्यासाठी.
* आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड: उरलेली पेस्ट पुसण्यासाठी.

दक्षता

काढण्यापूर्वी संगणक काही मिनिटे चालवल्यास पेस्ट मऊ होते. त्यानंतर वीजपुरवठा तोडून हीटसिंक सरळ न उपसता डावी-उजवीकडे हलके फिरवतात. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. सरळ ओढल्यास खटका बंद असूनही प्रोसेसर हीटसिंकसोबत बाहेर येऊन पिना वाकू शकतात. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटमध्ये पिना सॉकेटमध्ये असून प्रोसेसर धातूच्या चौकटीने दाबलेला असतो. त्यामुळे हा धोका टळतो.