‘गूगलवर पहिल्या नंबरला आणतो’

कोकणात होमस्टे चालवणारे, नाशकात घरचे मसाले विकणारे, पाककृतींचा ब्लॉग लिहिणारे. वेबसाइट सुरू झाली की या सगळ्यांचा फोन वाजू लागतो: ‘गूगलवर पहिल्या नंबरला आणतो, वर्षाची फी भरा.’ समोरचा इतक्या खात्रीने बोलतो, की पैसे दिले जातात. हा नंबर विकत मिळतच नाही. शोधाच्या मूळ निकालांत वर आणायला गूगल कुणाकडूनही पैसे घेत नाही. जाहिरात दिली म्हणून त्या निकालांतली जागा सुधारत नाही. जाहिरात स्वतंत्र खुणेसह वेगळी दिसते. नकाशावर व्यवसायाची नोंद करणारं बिझनेस प्रोफाइलही फुकट आहे. एसईओचं, म्हणजे शोधनिकालांत साइट वर यावी म्हणून तिच्यात सुधारणा करण्याचं, काम प्रामाणिकपणे करणारे लोक आहेत, पण ते हमी देत नाहीत. सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गूगलच्याच एका व्हिडिओत २०१७ मध्ये सांगितलं होतं.

पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड’ची यादी भरली की काम झालं, हा दुसरा जुना समज. क्रमवारी लावताना ती यादी आपण बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं. तिच्यासाठी आज कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नयेत.

निकालांत वर येण्यासाठी दुसऱ्या साइटींवर आपल्या पानाच्या लिंक विकत घेणं मात्र नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे. अमेरिकेतली जेसी पेनी ही मोठी दुकानसाखळी २०१० च्या अखेरीस कपडे, चादरी, गालिचे अशा कितीतरी शोधांत पहिली येत होती. न्यूयॉर्क टाइम्सने तपास केला, तेव्हा तिच्या कपड्यांच्या पानाची लिंक चक्क अणुअभियांत्रिकीच्या साइटवर सापडली. अशा असंबद्ध साइटींचं जाळंच पसरलेलं होतं. गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये कारवाई केली आणि ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ या शोधात पहिली असलेली कंपनी दोन तासांत ७१ व्या जागी गेली. कंपनीने आपल्याला याची माहिती नसल्याचं सांगितलं आणि एसईओ करणाऱ्यांना काढून टाकलं. तिच्याकडे शेकडो दुकानं होती, म्हणून ती हा फटका सोसू शकली. घरातून मसाले विकणारीकडे ती एकच साइट असते.

‘मग थोडे पैसे जाहिरातीत घालू, झटपट वाढू.’ हा हिशोब मांडून पाहायचा असेल, तर ड्रॉपबॉक्सचा मांडावा. फाइली साठवण्याची ही सेवा नवी असताना तिचं वर्षाचं शुल्क ९९ डॉलर होतं आणि गूगलवरच्या जाहिरातीतून पैसे भरणारा एक ग्राहक मिळवायला २३३ ते ३८८ डॉलर खर्च होत होते. वाढ आली ती दुसरीकडून. संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये एक छोटा व्हिडिओ डिग या साइटवरच्या तंत्रप्रेमींसाठी, त्यांच्याच गमतींची पेरणी करून बनवला. प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. पुढे ‘मित्राला आणा, दोघांनाही जादा जागा मिळवा’ ही योजना आली. सप्टेंबर २००८ मध्ये एक लाख असलेले वापरकर्ते जानेवारी २०१० पर्यंत चाळीस लाख झाले.

ही योजना जशीच्या तशी उचलणारे इथे फसतात. ड्रॉपबॉक्सचं बक्षीस म्हणजे तीच वस्तू, थोडी जास्त. शिवाय फोल्डर वाटून घ्यायचं तर समोरच्याकडेही ड्रॉपबॉक्स लागायचं, म्हणजे वापरणं हेच सांगणं होतं. लोणच्यावर शंभर रुपयांची सूट देऊन तसं होत नाही. लोणचं सोबत दिलेल्या छोट्या बरणीतून शेजारणीकडे पोहोचलं, तर त्याच्या जवळ जाता येईल.

रोज लिहिलं नाही तर वाचक जातात, ही भीती ब्लॉग लिहिणाऱ्यांना दमवून टाकते. ब्रायन लॅम यांनी २०११ मध्ये सुरू केलेली वायरकटर ही साइट महिन्याला मोजकेच लेख टाकायची. मात्र कोणता टीव्ही घ्यावा, कोणता हेडफोन, याचं उत्तर ती नीट तपासून द्यायची आणि वाचकाने तिथून खरेदी केली की कमिशन मिळवायची. न्यूयॉर्क टाइम्सने २०१६ मध्ये ती सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतली.

मराठीत लिहून काय होणार, असंही विचारलं जातं. मधुरा बाचल यांनी पाककृतींचे व्हिडिओ आधी इंग्रजीत केले होते; मराठीत आल्यावर त्यांना लाखोंचा प्रेक्षकवर्ग मिळाला. मराठी माणूस मराठीत शोधतो, कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत. तो नेमकं काय टाइप करून आपल्या पानापर्यंत आला, हे गूगलचं सर्च कन्सोल फुकट दाखवतं. होमस्टेवाल्याला तिथे ‘समुद्र किती लांब’, ‘गाडी लावायला जागा’, ‘शाकाहारी जेवण’ असे शब्द दिसू लागले, तर पुढची तीन पानं कशावर लिहायची ते त्याला कळलेलं असतं.