रा. द. रानडे यांचे साक्षात्कारविषयक ग्रंथ

रामचंद्र दत्तात्रय तथा गुरुदेव रानडे (३ जुलै १८८६ – ६ जून १९५७) हे भारतीय तत्त्वज्ञ व अध्यात्मसाधक होते. उपनिषदे, भगवद्गीता आणि मराठी, हिंदी व कन्नड संतवाङ्मय यांवरील त्यांच्या ग्रंथांचा मध्यवर्ती विषय साक्षात्कार, म्हणजेच ईश्वराचा प्रत्यक्ष अनुभव, हा आहे. हा अनुभव केवळ श्रद्धेने स्वीकारावा किंवा भ्रम म्हणून झिडकारावा असा नसून त्याची बुद्धीने चिकित्सा करता येते, ही भूमिका या सर्व लेखनामागे आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी शिकलेल्या भारतीयांमध्ये अध्यात्मविषयक ग्रंथांची ओढ वाढली. तिला थिऑसॉफिकल सोसायटीने मोठी चालना दिली. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक मुंबईतून सुरू झाले. १८८२ च्या अखेरीस संस्थेचे मुख्यालय मद्रासजवळील अड्यार येथे गेले. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच प्राचीन ज्ञान आहे, हे या चळवळीचे प्रतिपादन होते. मात्र ब्लाव्हाट्स्कींच्या ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ (१८८८) सारख्या ग्रंथांचा आधार गुप्त महात्म्यांकडून मिळालेले ज्ञान हा होता. असा आधार सामान्य वाचकाला पडताळून पाहता येत नाही. रानडे यांनाही निरनिराळ्या देशांतील अनुभवी पुरुषांमध्ये साम्य दिसले. परंतु त्यांनी आधार घेतला तो कोणालाही उघडून वाचता येणाऱ्या संतवचनांचा.

जडणघडण

रानडे यांचा जन्म पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात झाला. १९०१ मध्ये त्यांना भाऊसाहेब महाराज उमदीकर यांच्याकडून नामदीक्षा मिळाली. उमदी हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे. भाऊसाहेबांची समाधी विजापूरकडील इंचगिरी येथे आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत वावरणारा हा संप्रदाय सीमाभागात रुजलेला होता. रानडे यांनी पुण्यात उच्च शिक्षण घेतले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे ते अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व नंतर कुलगुरू झाले. १९४६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते निंबाळ येथील आश्रमात राहिले व तेथेच त्यांचे निधन झाले.

उपनिषदांवरील ग्रंथ

‘अ कन्स्ट्रक्टिव्ह सर्व्हे ऑफ उपनिषदिक फिलॉसॉफी’ हा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात प्रकरणे आहेत. सृष्टीची उत्पत्ती, मनाचे स्वरूप, अंतिम सत्य, नीती अशा विषयांची क्रमाने मांडणी करून शेवटचे प्रकरण आत्मसाक्षात्काराला दिले आहे. उपनिषदांतील ऋषी कोडे घालतात, सूत्र सांगतात, शब्दाची व्युत्पत्ती उलगडतात, दृष्टांत देतात, संवाद करतात. अशा दहा विवेचनपद्धती रानडे यांनी दाखवून दिल्या. विद्यार्थ्यांसाठी हा भाग विशेष उपयुक्त आहे.

मिस्टिसिझम इन महाराष्ट्र

हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. श्री. कृ. बेलवलकर यांच्यासह योजलेल्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा तो सातवा खंड होय. त्याआधी रानडे यांनी ‘ज्ञानेश्वर वचनामृत’, ‘संत वचनामृत’, ‘तुकाराम वचनामृत’ व ‘रामदास वचनामृत’ ही विषयवार निवडीची पुस्तके मराठीत सिद्ध केली होती. ग्रंथातील विवेचन या मूळ वचनांवर उभे आहे.

संतपरंपरेचे त्यांनी पाच विभाग कल्पिले. ज्ञानेश्वरांचा अनुभव बुद्धिप्रधान, नामदेव व त्यांच्या समकालीन संतांचा लोकाभिमुख, एकनाथांचा समन्वयात्मक, तुकारामांचा व्यक्तिनिष्ठ आणि रामदासांचा कृतिप्रधान, अशी ही विभागणी आहे. तुकारामांच्या अभंगांतील तळमळ समजावून देताना त्यांनी स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांची आत्म्याच्या ‘काळरात्री’ची कल्पना वापरली आहे. सातारा जिल्ह्यातील वाचकाला पाचव्या विभागाचे महत्त्व सहज जाणवेल, कारण चाफळ व सज्जनगड ही रामदासांची दोन्ही प्रमुख स्थाने याच जिल्ह्यात आहेत.

अनुभवाची कसोटी

रानडे यांनी साक्षात्कार हा गूढ चमत्कारांपासून कटाक्षाने वेगळा काढला. चमत्कार घडला म्हणून कोणी संत ठरत नाही. त्यांच्या विवेचनात अनुभवाला चार अंगांनी पारखले जाते. तो देश, काळ व धर्म यांच्या पलीकडे समान आढळतो का? तो बुद्धीशी सुसंगतपणे मांडता येतो का? त्याने भावना शुद्ध व सखोल होतात का? आणि अनुभव घेणाऱ्याचे आचरण उन्नत होते का? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत व्यवहार्य आहे, कारण आतला अनुभव दुसऱ्याला दिसत नसला तरी आचरण सर्वांना दिसते.

उत्तरकालीन ग्रंथ

हिंदी संतांच्या पदांची ‘परमार्थसोपान’ ही निवड आणि तिच्यावर आधारलेला ‘पाथवे टू गॉड इन हिंदी लिटरेचर’ (१९५४) हा ग्रंथ सांगलीच्या अध्यात्म विद्या मंदिराने प्रसिद्ध केला. परमार्थाची प्रेरणा, नैतिक सिद्धता, ईश्वर व संत यांचा संबंध, साधनेचा आरंभ आणि परमोच्च अनुभव अशा पाच पायऱ्यांनी त्याची रचना झाली आहे. भगवद्गीता व कन्नड संतवाङ्मय यांवरील त्यांचे ग्रंथ निधनानंतर प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ (१९००) या ग्रंथात संतांकडे धार्मिक व सामाजिक सुधारणेचे प्रवर्तक म्हणून पाहिले. गुरुदेवांचा भर त्यांच्या आंतरिक अनुभवावर आहे. त्यामुळे जातिभेदाविरुद्धचा संतांचा झगडा त्यांच्या विवेचनात मागे राहतो. दोन्ही रानडे वाचल्यास संतवाङ्मयाची दोन्ही अंगे ध्यानात येतात. प्रमुख विवेचक ग्रंथ इंग्रजीत असल्याने मराठी वाचकाने वचनामृतांपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. मूळ ओव्या व अभंग आधी वाचले, म्हणजे लेखकाचा निष्कर्ष मान्य करावा की नाही, हे वाचकाला स्वतः ठरवता येते.