जुन्या गाडीचं इंजिन, भाग ६ : व्हॉल्व मोजायचा कुठे?

गेल्या आठवड्यात हेड उतरवलं, कार्बन खरवडला, व्हॉल्व बाहेर काढले. आता नवी जोडी निवडायची. राजदूत आणि येझदीवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. त्या टू-स्ट्रोक गाड्या, त्यांत असे व्हॉल्व नसतातच. आजचं सगळं जुन्या कास्ट आयर्न बुलेटसाठी आहे: बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी.

वरोऱ्यात सुटा भाग मागवायची सोपी रीत म्हणजे जुना व्हॉल्व कागदात गुंडाळून नागपूरला जाणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि सांगायचं, "असाच आण." दुकानदार दोन्ही व्हॉल्व शेजारी धरतो, मुंडकं आणि उंची जुळली की बिल फाडतो. पण तो जुना व्हॉल्व पन्नास वर्षं घासलेला असू शकतो, आणि मधे कुणी दुसऱ्याच गाडीचा बसवला नसेल याचीही खात्री नाही. तो नमुना म्हणून पाठवण्याआधी नीट तपासायला हवा.

स्टेम एकाच जागी मोजून भागत नाही. गाइडमध्ये वरखाली होतो तो पट्टा झिजतो. कॉटरच्या खाचेच्या लगेच खालचा छोटा भाग मात्र गाइडपर्यंत कधी पोचत नाही. तिथे मूळ माप शाबूत असतं. मायक्रोमीटर आधी तिथे लावा, मग झिजलेल्या पट्ट्यात तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी व्हॉल्व काटकोनात फिरवून दोनदा. दोन मापांतला फरक म्हणजे स्टेमची झीज. स्टेमची झीज थोडी आणि व्हॉल्व तरीही गाइडमध्ये हलत असेल, तर दोष गाइडचा. आपल्याकडे कोळशाच्या ट्रकांमागून गाडी चालते. एअर फिल्टर फाटका असला की ती बारीक धूळ इनलेटच्या गाइडमध्ये पॉलिश पेपरसारखी काम करते.

शाबूत जागीच का मोजायचं, याला आणखी एक कारण आहे. या गाड्यांचं मूळ ड्रॉइंग इंग्लंडचं, मापं इंचात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आठ मिमीचा स्टेम सहा शतांश झिजला, तर झिजलेल्या जागी तोही ७.९४ च दाखवतो! चुकीच्या जागी मोजलं की मिमीचा व्हॉल्व इंचाचा वाटतो, आणि नवा आणलेला पहिल्या दिवसापासून खुळखुळतो.

गाइडमधली मोकळीक गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावी. ते हाती नसेल तर साधारण अंदाज असा: इनलेटला २५ ते ५० मायक्रॉन, एक्झॉस्टला ५० ते ७५. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून फुगतो. त्याची बहुतेक उष्णता सीटमार्गे हेडमध्ये उतरते, म्हणून एक्झॉस्टची सीट फार अरुंद कापू नये.

लांबीला जुना व्हॉल्व मुळीच भरवशाचा नाही. सीट पुन्हापुन्हा कापली की व्हॉल्व हेडमध्ये आत बसतो आणि स्टेमचं टोक वर येतं. मग कुणीतरी ते टोक घासून टॅपेट जुळवलेलं असतं. टोकावरचा कडक थर पातळ असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद चेपायला लागतं. लांबीसोबत खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर आणि खाचेचा आकार पाहा. जुने कॉटर नव्या खाचेत चपखल बसले नाहीत, तर कॉटरही नवेच घ्या. चालत्या इंजिनात कॉटर निसटला तर व्हॉल्व पिस्टनवर पडतो.

मुंडक्याची कड पाहायला विसरू नका. ती एक मिमीच्या खाली गेली असेल, तर एक्झॉस्टचा व्हॉल्व तिथूनच जळतो.

धातूसाठी खिशात चुंबक ठेवा. चांगल्या प्रतीच्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या मुंडक्याला तो चिकटत नाही. स्टेमला चिकटला तर घाबरू नका. कित्येकदा स्टेम वेगळ्या पोलादाचा जोडलेला असतो. इनलेटला चुंबक लागणं साहजिक आहे. एक्झॉस्ट म्हणून दिलेल्या व्हॉल्वच्या मुंडक्याला चुंबक घट्ट बसला, तर मी तो परत देतो, भाव कितीही कमी असो.

गाइड सैल निघाला असेल, तर सीटला अजून हात लावू नका. सीट कापणारं हत्यार गाइडमधूनच सरळ उभं राहतं. सैल गाइडवर कापलेली सीट तिरपीच येणार. आधी गाइड, मग त्यात बसणारा व्हॉल्व, शेवटी सीट. गाइड ठोकण्याचं काम पुढच्या भागात.