गाडीत बेस कमी वाटतोय? अ‍ॅम्प बदलण्याआधी डिकीतला बॉक्स मोजा

वैजापुरात लग्नसराई सुरू झाली की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला गाडीवाल्या पोरांचा: "दादा, बारा इंची वूफर टाकलाय, अ‍ॅम्पपण मोठा आहे, तरी धमक येत नाही. अजून मोठा अ‍ॅम्प घेऊ का?" दुसरा घरात झोपायचा प्रयत्न करणाऱ्यांचा: "गाडी पार गल्लीच्या टोकाला उभी असते, गाणं कोणतं तेही कळत नाही, पण आमच्या खिडकीच्या काचा का थरथरतात?"

दोन्ही प्रश्नांमागचं विज्ञान एकच आहे. ते समजलं तर पैसे वाचतील, आणि शेजाऱ्यांची झोपही. चला, सुरुवातीपासून बघू.

नुसता वूफर वाजवला तर बेस का येत नाही?

वूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते. त्याच क्षणी मागची हवा ओढली जाते. म्हणजे एकाच वूफरमधून दोन लाटा निघतात, एक पुढून आणि एक मागून, आणि दोन्ही एकमेकींच्या बरोबर उलट.

आता ४० हर्ट्झचा खोल बेस घ्या. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला ४० ने भागलं की एका लाटेची लांबी येते सुमारे साडेआठ मीटर. दोन छोट्या गाड्या एकामागे एक लावल्या तर जेवढी जागा लागेल, जवळपास तेवढी! इतक्या मोठ्या लाटेसमोर बारा इंची वूफर म्हणजे काहीच नाही. मागची लाट कडेवरून सहज पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. शिल्लक राहते ती नुसती फडफड.

म्हणून बॉक्सचं पहिलं काम आवाज वाढवणं नाही, मागच्या लाटेचा बंदोबस्त करणं आहे. हा बंदोबस्त दोन प्रकारे होतो.

पहिला प्रकार: सील बॉक्स

यात मागची लाट कोंडून ठेवतात. बॉक्स पूर्ण बंद, कुठेही फट नाही. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा ढकलून बघा, हवा परत ढकलते ना? अगदी तसंच. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये हीच कल्पना वापरून छोट्या बंद बॉक्समधून खोल बेस काढून दाखवला होता.

सील बॉक्समध्ये ठोका पटकन सुरू होतो आणि पटकन थांबतो. ढोलकी, हलगी, तबला स्वच्छ ऐकायचा असेल तर हा प्रकार छान. पण बॉक्स गरजेपेक्षा लहान झाला की ही हवेची स्प्रिंग फार कडक होते, खोल बेस गायब होतो आणि सगळ्या गाण्यांत एकच "ढुम ढुम" ऐकू येतं.

दुसरा प्रकार: पोर्टवाला बॉक्स

यात मागची लाट वाया न घालवता कामाला लावतात. बॉक्सला एक नळी किंवा लांबट फट ठेवतात, तिला पोर्ट म्हणतात.

हे समजायला मोबाईलवर एक प्रयोग करा. आवाजाचा आलेख दाखवणारं एखादं स्पेक्ट्रम अ‍ॅप उघडा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारा. आलेखात एका जागी उंच टोक दिसेल. आता बाटलीत अर्धं पाणी भरा आणि परत फुंका. टोक वरच्या सुराकडे सरकेल. आतली हवा कमी झाली की सूर चढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पोकळ्यांचा अभ्यास केला, म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात.

पोर्टवाला बॉक्स म्हणजे अशी मोठी बाटलीच. तिचा जो स्वतःचा सूर असतो त्याला ट्यूनिंग म्हणतात. त्या सुराला कोन फारसा हलत नाही, पोर्टमधली हवाच जोरात आतबाहेर करते. त्यामुळे ट्यूनिंगच्या आसपास त्याच अ‍ॅम्पवर सील बॉक्सपेक्षा ३ ते ६ डेसिबल जास्त आवाज मिळू शकतो.

हे ३ डेसिबल किती महाग असतात ते बघा. ५०० वॅटचा अ‍ॅम्प काढून १००० वॅटचा बसवला तर मिळतात फक्त ३ डेसिबल. ६ हवे असतील तर २००० वॅट. आणि १४ व्होल्टवर १००० वॅट म्हणजे ७० अँपिअरपेक्षा जास्त करंट. वायर, फ्यूज, बॅटरी सगळ्यावर ताण. तेच काम बॉक्स करत असेल तर आधी बॉक्स नको का बघायला?

पण एक धोका लक्षात ठेवा. ट्यूनिंगच्या खाली गेलं की आतल्या हवेची पकड सुटते. कोन मोकाट हलतो आणि वूफर फाटू शकतो. म्हणून पोर्टवाल्या बॉक्ससोबत अ‍ॅम्पमधला सबसॉनिक फिल्टर चालू ठेवा, ट्यूनिंगच्या थोडा खाली.

सुताराला माप सांगताना इथे घोळ होतो

समजा, तुमच्या वूफरला ५० लिटरचा बॉक्स हवा आहे. ५० × ४० × २५ सेंटिमीटर म्हणजे बरोबर ५० लिटर. तुम्ही सुताराला हे माप दिलं आणि त्याने बाहेरून एवढा बॉक्स बनवला. बोर्ड १८ मिलिमीटरचा. मग आतलं माप उरतं ४६.४ × ३६.४ × २१.४, म्हणजे फक्त ३६ लिटर. वूफरचं मॅग्नेट आणि पोर्टची नळी यांची जागा अजून त्यातूनच जायची आहे!

याचा परिणाम? १० सेंटिमीटर व्यासाची आणि २० सेंटिमीटर लांबीची नळी ५० लिटरला साधारण ४१ हर्ट्झवर ट्यून होते. तीच नळी ३६ लिटरला जवळपास ४९ हर्ट्झवर जाते. आठ हर्ट्झ ऐकायला कमी वाटतात, पण ज्या खोल बेससाठी खर्च केला तो इथेच हरवतो. म्हणून माप नेहमी आतलं सांगा.

किती लिटर हवेत ते अंदाजाने ठरवू नका. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हास असे आकडे असतात. हे थिएल-स्मॉल आकडे. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली. बॉक्सचं गणित करणारी मोफत सॉफ्टवेअर याच आकड्यांवर चालतात.

गाडी म्हणजे दुसरा बॉक्स

काचा बंद असताना गाडीची केबिन स्वतःच बेस वाढवते. लाटेची अर्धी लांबी केबिनपेक्षा मोठी झाली की वूफर आतल्या सगळ्या हवेवर एकदमच दाब टाकतो. पावणेतीन मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ६० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. म्हणूनच घरात पोकळ वाटणारा वूफर गाडीत दणका देतो, आणि काच खाली केली की धमक उतरते.

मग बेस एवढा लांब कसा जातो?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. हा नियम बेसलाही लागू आहे, बारीक आवाजालाही. फरक पुढे पडतो.

एक, पत्रा, काच, भिंत यांचा आडोसा. आवाजाची वारंवारिता निम्मी झाली की आडोसा ढोबळमानाने ६ डेसिबल कमी अडवतो. गाणाऱ्याचा आवाज गाडीतच राहतो, बेस पत्र्यातून बाहेर पडतो. दोन, हवा. ८००० हर्ट्झचा आवाज शंभर मीटरमध्ये सात-आठ डेसिबल हवेतच गमावतो, बेस जवळपास काहीच नाही. तीन, कोपरे. साडेआठ मीटरची लाट घराच्या कोपऱ्यावरून आरामात वळते.

आणि रात्र. निरभ्र रात्री जमीन आधी थंड होते, वरची हवा उबदार राहते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो. रोटेगाव स्टेशनची गाडी दिवसापेक्षा रात्री जवळ वाटते, त्यामागे शांततेसोबत हेही कारण असतं. तुमच्या वूफरचंही तेच होतं.

मोबाईलमधलं डेसिबल अ‍ॅप काय लपवतं?

"अ‍ॅपमध्ये ६५ च दाखवतंय," असं म्हणून बरेच जण निर्धास्त होतात. पण बहुतेक अ‍ॅप 'ए' पद्धतीने मोजतात. त्यात ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळपास ३५ डेसिबल वजा होतात. म्हणजे खरा बेस १०० असला तरी आकडा ६५ दिसतो. त्यात मोबाईलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला, खोल बेस तो आणखी कमी पकडतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, तीही 'ए' पद्धतीनेच. त्यामुळे आकडा लहान दिसला तरी पलीकडच्या घरातलं तान्हं बाळ किंवा आजारी आजोबा दचकून उठू शकतात. अ‍ॅपपेक्षा साधी परीक्षा करा: गाणं चालू ठेवा, गाडीची दारं-काचा लावा आणि पन्नास पावलं चालत जा. तिथे धडधड जाणवली तर ती घरांतही पोचतेय.

तुमच्या कानांचाही हिशोब आहे. अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल 'ए'ला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात फक्त १५ मिनिटं. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

थोडक्यात, क्रम असा ठेवा

- वूफरचे आकडे बघा, त्यावरून लिटर काढा.
- स्वच्छ ठोका हवा तर सील, जास्त दणका हवा तर पोर्ट.
- माप आतलं द्या, सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के करा, हवा गळत नाही ना ते तपासा.
- पोर्ट असेल तर सबसॉनिक फिल्टर चालू.
- एवढं करूनही कमी वाटलं, तरच अ‍ॅम्पचा विचार.

बॉक्स नीट बसला तर कमी व्हॉल्यूमवरच गाडीत मजा येते. मग गल्लीत शिरताना नॉब थोडा खाली फिरवायला जड जात नाही.