खेळ बदलण्याआधी शरीर तयार करा

मृगाचा पाऊस होऊन पेरण्या आटोपल्या की बऱ्हाणपूर परिसरातल्या मैदानांवरचे खेळही बदलतात. उन्हाळाभर संध्याकाळी चाललेले टेनिस बॉलचे क्रिकेट थांबते, ओल्या मातीत कबड्डीच्या रेषा आखल्या जातात, आणि नागपंचमी जवळ आली की आखाड्यांत लगबग सुरू होते. पुढे दिवाळी झाली, कापसाची वेचणी मार्गी लागली, की बॅट-बॉल आणि व्हॉलीबॉलचे नेट पुन्हा बाहेर निघते. आपली मुले हा बदल एका दिवसात करतात. रविवारी क्रिकेट आणि सोमवारी कबड्डी! शरीराला मात्र एका दिवसात बदलता येत नाही. म्हणून या वेळी आम्ही या पानावर पिकाच्या रोगांऐवजी खेळाडूंच्या हातापायांविषयी लिहिणार आहोत.

हा विषय केवळ हौसेचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कबड्डीत सर्वाधिक मार बसतो तो गुडघ्याला व घोट्याला. गुडघ्याच्या आतली मुख्य लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडे एकमेकांना बांधून ठेवणारी दोरी, एकदा पूर्ण तुटली की ती बहुधा आपोआप पूर्वीसारखी जुळत नाही. अनेकांना शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यानंतर मैदानात परतायला सुमारे नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो. ज्या घरातला तरुण केळीचे घड वाहतो किंवा पॉवरलूमवर पाळी करतो, त्या घराला नऊ महिने कसे जातील याचा विचार वाचकांनीच करावा. बहुतेक दुखापती धक्का लागून होतात असा समज आहे. पण गुडघ्याची ही दुखापत पुष्कळदा कोणी न ढकलताही होते. धावता धावता एकदम थांबताना, वळताना किंवा उडी मारून खाली येताना पाय आत वळतो आणि दोरी तुटते. मुलींमध्ये हा धोका मुलांपेक्षा अधिक असतो. तेव्हा शाळेत कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पालकांनी पुढील मजकूर अवश्य वाचावा.

दम आहे म्हणजे तयारी आहे का?

क्रिकेट खेळणारा मुलगा म्हणतो, "मी तर रोज खेळतो, मला तयारी कशाला?" त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्याच्या हृदयाला व फुप्फुसांना सवय आहे. पण क्रिकेटमध्ये तो सरळ धावतो आणि मध्ये बराच वेळ उभा असतो. कबड्डीत चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते, पण त्या ३० सेकंदांत तो वाकून, आडवा सरकत, दहा वेळा दिशा बदलतो, आणि शेवटी अंगावर तिघाचौघांचे वजन घेऊन रेषेकडे झेपावतो. कुस्तीत मान, कंबर आणि पंजा यांवर जो ताण येतो, तो क्रिकेटमध्ये येतच नाही. तेच अंग, पण काम निराळे.

शिवाय शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. स्नायूंना बळ यायला सहा ते आठ आठवडे लागतात. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, लिगामेंट आणि हाडे यांना रक्तपुरवठा किंवा बदलाचा वेग कमी असल्यामुळे त्यांना काही महिने लागतात. दुखापतीचे मूळ येथेच आहे. दम वाढला की खेळाडूला वाटते, आपण तयार झालो. तो जोर लावतो, आणि मागे राहिलेली कंडरा तो जोर सोसू शकत नाही.

आपल्या शेतकरी वाचकांना हे टिश्यू कल्चरच्या केळीवरून चटकन समजेल. प्रयोगशाळेतल्या बाटलीतले रोप हिरवेगार दिसते. म्हणून ते कोणी थेट उन्हातल्या शेतात लावत नाही. आधी हिरव्या जाळीखाली, पिशवीत, काही आठवडे त्याचे हार्डनिंग करतात. तेथे पाने जाड होतात, मुळे धरतात, मग रोप शेतात जाते. हा काळ वाचवायला गेलो तर रोपच जाते. खेळाडूलाही दोन मोसमांच्या मध्ये असे हार्डनिंग हवे.

जुन्या आखाड्यांची शहाणपणाची रीत

ही गोष्ट आपल्या वस्तादांना पुस्तकांशिवाय ठाऊक होती. नव्या पोराला आल्याबरोबर लढत मिळत नसे. आधी फावड्याने हौद्यातली माती खणायची, मग जोर, बैठका, सपाट्या. लढत पुढे, वस्ताद म्हणेल तेव्हा. मल्लखांबही मुळात पैलवानांच्या मेहनतीसाठीच वाढला. पेशवाईच्या काळातील बाळंभट्टदादा देवधर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. आपल्या मध्य प्रदेश शासनाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. खांबावरच्या या कसरतीने पंजा, खांदा आणि पोट एकदम बळकट होतात, आणि कुस्तीगिराला हेच हवे असते.

खेळ तोच असला तरी जमीन बदलली तर काय होते, याचे उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान मातीत तयार झालेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले. मॅटची व तिथल्या नियमांची सवय नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. त्यानंतर चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढ्या तयारीच्या मल्लालाही नव्या जमिनीसाठी वेळ द्यावा लागला. मग दूरदर्शनवर मॅटची कबड्डी पाहून तशीच झेप शाळेच्या कडक अंगणात घेणाऱ्या आपल्या मुलांनी थोडे थांबायला काय हरकत आहे?

सहा आठवड्यांची तयारी

कबड्डी किंवा कुस्तीच्या पहिल्या सामन्याआधी सहा आठवडे मोजून पुढील क्रम धरावा. खर्च काही नाही.

पहिले दोन आठवडे: आधीचा मोसम संपल्यावर चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. मग एक दिवसाआड वीस मिनिटे हलके धावणे, सावकाश बैठका (खाली जाताना मनात चार अंक मोजावेत), पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे आणि थोडे जोर. एका पायावर अर्धा मिनिट तोल सांभाळून उभे राहण्याचा सरावही करावा.

तिसरा व चौथा आठवडा: आता थांबणे आणि वळणे शिकावे. दहा पावले धावून तीन पावलांत थांबावे. नागमोडी धावावे. मऊ मातीवर लहान उड्या माराव्यात. खाली येताना गुडघे वाकलेले असावेत आणि ते पावलाच्या सरळ रेषेत राहावेत, आत पडू नयेत. जोडीने करायचा एक व्यायाम फार उपयोगी आहे. एकाने गुडघ्यांवर उभे राहावे, दुसऱ्याने त्याचे घोटे धरावेत, आणि पहिल्याने कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत हातांवर यावे. आरंभी तीन-चार वेळाच करावा. या व्यायामाने मांडीच्या मागचा स्नायू फाटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

पाचवा आठवडा: अर्धा खेळ. चढाई करावी, पण पकड हलकी ठेवावी. कुस्तीत डाव बसवावेत, पण निकाली लढत करू नये.

सहावा आठवडा: पूर्ण खेळ, एक दिवसाआड. मधल्या दिवशी हलका व्यायाम.

याखेरीज मोसमभर, प्रत्येक खेळाआधी पंधरा-वीस मिनिटे अंग तापवावे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या संघांनी धावणे, तोल, उडी व बळ यांचा असा वीस मिनिटांचा क्रम नियमाने केला, त्यांच्यात एकंदर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या.

नवा व्यायाम सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. त्याला भिऊ नये. तोच व्यायाम आठवड्याने केला की तितके दुखत नाही. पण सांध्यातच दुखत असेल, सूज असेल किंवा लंगडावे लागत असेल, तर ती सवयीची वेदना नव्हे. तेथे थांबावे.

शेतातले काम हिशेबात धरा

काही घरांत म्हणतात, "आमचा मुलगा शेतात राबतो, त्याला वेगळा व्यायाम कशाला?" केळीचा घड वीस-पंचवीस किलोंचा असतो, तो वाहणाऱ्याची पाठ व पंजा बळकट असतात यात शंका नाही. पण त्या कामात झटकन वळणे नसते. पॉवरलूमवर पाळीभर उभे राहणाऱ्याच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात. म्हणून कामकरी मुलाने बळाचा व्यायाम कमी व वळण्या-थांबण्याचा अधिक करावा. दिवसभर कोळपणी किंवा घडांची ओढाताण झाली असेल, तर त्या संध्याकाळी जोरदार सराव टाळावा. शरीराला शेताचे ओझे आणि मैदानाचे ओझे वेगळे कळत नाही. दोन्हींची बेरीज त्यालाच सोसावी लागते.

जूनमध्ये आपल्याकडची हवा दमट व गरम असते. अशा हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर सकाळी लवकर सराव करावा आणि ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घेत राहावे. भाकरीसोबत तुरीचे वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध किंवा अंडे यांपैकी काही रोज पोटात गेले पाहिजे. पोरींच्या अंगात रक्त कमी असेल तर दम लवकर जातो. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

दिवाळीनंतर उलटा बदल

कबड्डीकडून क्रिकेटकडे येताना जोखीम खांद्याला व कमरेला असते. चार महिने चेंडू न फेकलेला हात पहिल्याच दिवशी सीमारेषेवरून फेक करू लागतो, आणि खांदा धरतो. वेगवान गोलंदाजाचे तर अधिक जपले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील गोलंदाजांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एका सामन्यात ५० हून अधिक षटके टाकणाऱ्यांना पुढच्या तीन आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे जास्तीच्या ताणाचे देणे त्याच दिवशी चुकते होत नाही. म्हणून गोलंदाजाने आठवड्यात तीन दिवस, निम्म्या वेगाने, दोन षटकांपासून आरंभ करावा आणि महिनाभरात हळूहळू वाढवावे. वाढत्या वयाच्या मुलाची कमर एका बाजूला दुखत असेल आणि मागे वाकताना कळ येत असेल, तर त्याने गोलंदाजी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मणक्याच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ती वेळीच ओळखली तर विश्रांतीने बहुधा बरी होते.

हे दिसले तर थांबू नका, दवाखाना गाठा

१. गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन काही तासांत सूज आली.
२. सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली. स्नायू मोडल्याचे ते लक्षण असू शकते. मूत्रपिंडाला धोका असतो.
३. उन्हात खेळताना मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला. त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे.
४. मातीत खेळताना खोल जखम झाली. साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली आहे की नाही हे डॉक्टरांना सांगावे.

मुरगळलेल्या सांध्याला पहिले दोन दिवस मालीश करू नये, शेकूही नये. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, सैलसर पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा. हाड मोडल्याची शंका असेल तर कोणाकडून ओढून 'बसवून' घेऊ नये. घट्ट बांधलेल्या खपच्यांनी रक्तप्रवाह बंद पडून हात किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. बोटे गार, निळी किंवा बधिर झाली तर बांधलेली पट्टी तत्काळ सोडावी.

शेवटी पालकांना आणि खेळाच्या शिक्षकांना आमची एकच विनंती आहे. स्पर्धेची तारीख कळली की घरातल्या दिनदर्शिकेवर तिच्यामागे सहा आठवडे मोजून एक खूण करा. पेरणीची तयारी आपण पाऊस येण्याआधी करतो. खेळाची तयारीही शिट्टी वाजण्याआधीच व्हायला हवी, आणि तिचा आरंभ त्या खुणेच्या दिवशी व्हावा.