आमचा कण्वाश्रम

शेजारी आमच्या घराला कोंडवाडा म्हणतात आणि सासूबाई धर्मशाळा म्हणतात. मी पडले मराठीची प्राध्यापिका. मला दोन्ही शब्द पटत नाहीत. रस्त्यावरचे पिल्लू आणायचे, वाढवायचे, लस टोचून घ्यायची आणि कायमचे घर मिळाले की देऊन टाकायचे, या उद्योगाला हल्ली सगळे ‘फॉस्टर’ म्हणतात. आपल्याकडे ‘दत्तक’ आहे. पण दत्तक जाईपर्यंतच्या मधल्या मुक्कामाला सुटसुटीत शब्द नाही. म्हणून मी मनातल्या मनात घराचे नाव ठेवले आहे कण्वाश्रम.

सुरुवात झाली २०१९ च्या ऑगस्टात. सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेले. आमचे घर उंचावर, म्हणून कोरडे राहिले. एका संध्याकाळी दारात एक विद्यार्थी चिंब भिजून उभा. हातात भाजीचा क्रेट, क्रेटमध्ये तीन पिल्ले.

“मॅडम, दोनच दिवस. पाणी ओसरलं की नेतो.”

पाणी ओसरले. पिल्ले राहिली.

त्यातली काळी मादी पुरातून आली म्हणून मुलीने तिचे नाव ठेवले ‘पुरी’. मला त्यातले काही म्हणता काही कळत नव्हते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध मागाहून, हेसुद्धा डॉक्टरांनी सांगितले. (मांजरीच्या अगदी कोवळ्या पिल्लांना दूध पाजल्यावर ओल्या कापसाने पोटाखाली पुसावे लागते, तेव्हा कुठे ती लघवी करतात, आई हेच काम जिभेने करते. हे ज्ञान पुढच्या वर्षीचे.)

थोडे जमू लागले आणि मला शहाणपण सुचले. मंडईजवळ एक चौथे पिल्लू कुडकुडत होते, ते आणून त्याच क्रेटमध्ये ठेवले. चार दिवसांत ते ओकू लागले, मग रक्ताची हगवण. पार्व्हो! हा रोग जगाला कळला तो १९७८ च्या सुमारास. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही, ब्लीचिंगच लागते. मी मोठ्या अभिमानाने दोनदा फिनेलने फरशी पुसत होते. ते पिल्लू गेले. पाठोपाठ पुरीचा एक भाऊही गेला. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून नव्या पाहुण्याला दोन आठवडे मागच्या न्हाणीघरात वेगळे ठेवल्याखेरीज आमच्याकडे पुढचे दार उघडत नाही.

पुरीही आजारी पडली. त्या रात्री दीड वाजता मी उठून पाहते तो सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधून सासूबाई तिच्याशेजारी पाटावर बसलेल्या. “शिवू देऊ नका तिला मला,” असे महिनाभर बजावणाऱ्या सासूबाई! पुरी वाचली. उरलेला भाऊ मिरजेला गेला. पुरी मात्र कोणाला नको. काळी, त्यात मादी. आपल्याकडे कुत्र्याच्या बाबतीतही हेच!

मुलगी म्हणाली, “आई, ठेवूनच घेऊ या ना.”

वाचकहो, इथेच भरतराजाची आठवण होते. नदीवर पाणी पिणारी गाभण हरिणी सिंहाच्या गर्जनेने बिचकून उडी मारते, पाडस प्रवाहात पडते आणि भरत ते उचलतो. पुढे त्याच्या ध्यासात तो इतका गुरफटला की पुढच्या जन्मी हरीण झाला. ही कथा मोहाची म्हणून सांगतात. मीही तशीच सांगत असे. आता वाटते, पाडस उचलण्यात त्याचे काय चुकले? ते दुसऱ्याच्या हाती द्यावे, हे त्याच्या मनात आले नाही, इतकेच. आमच्या घरी एका कुत्र्याचीच जागा. ती पुरीने कायमची धरली, तर पुढचा क्रेट दारातूनच परत जाणार.

कण्वाने दिली खरी. पण नवरदेव आला तेव्हा स्वारी सोमतीर्थाला! चौकशी राहून गेली, आणि शकुंतलेचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून मी चौकशी करते. दिवसा घरी कोण असते? साखळी किती लांब? ऑपरेशन करून घ्याल ना? दोन कुटुंबांना मी नाही म्हटले. त्यांतले एक अजून माझ्याशी बोलत नाही.

अखेर साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. कार्तिकात आम्ही पुरीला घेऊन निघालो. वाटेत संगम माहुलीला थांबलो. तिथे शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका. मुलीने पुरीला ती समाधी दाखवली. पुरीचे लक्ष शेजारच्या शेळ्यांकडे.

शिक्षकांचे अंगण मोठे, बाई प्रेमळ. लसीचे कार्ड दिले, कागदावर सही घेतली. पुरी तुळशीवृंदावनामागे वास घेत गेली आणि मागे वळून पाहिलेदेखील नाही. मुलगी रडली. मी दप्तरी कामाचे तोंड करून बसले.

कराडच्या अलीकडे सासूबाईंचा फोन आला.

“अगं, भाकरी दुधातच कुस्करायची म्हणून सांगितलंस ना त्यांना? ताक नाही चालत तिला.”

मी सांगितले नव्हते. गाडी कडेला घेऊन साताऱ्याला फोन लावला.